आमगावची दहा मिनिटं

नागपूर
३० ऑक्टोबर २०२५

दुर्पताबाई,
सप्रेम नमस्कार.

मी योगेश्वरी टेंभरे. सोमवारी गोंदियाहून देवरीला जाणाऱ्या बसमध्ये कुत्री घेऊन बसलेली आंधळी बाई. उतरताना तुम्ही पत्त्याची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये कोंबलीत आणि म्हणालात, "आमच्या गावात टावर लागत नाही, कागदावर खुशाली कळव." म्हणून कळवते. माझा कॉम्प्युटर बोलतो, त्यामुळे टाइप मीच करते. तुमचं उत्तर आलं की ऑफिसातली रविता वाचून दाखवील. तिचा आवाज मोठा आहे, तेव्हा गुपितं लिहू नका.

त्या दिवशी अख्खी बस माझ्यावर उठली होती. दिवाळीनंतरच्या गावोगावच्या मंडईचे, जत्रेचे दिवस, गाडी खचाखच, त्यात मी आणि मैना. कंडक्टर म्हणाला, जनावर टपावर बांधा नाहीतर उतरा. मैना आंधळ्यांना वाट दाखवायला शिकलेली आहे, तिचा कागद माझ्याजवळ आहे, हे मी चारदा सांगितलं. कागद कोणी हातातसुद्धा घेतला नाही. आणि तो माणूस! पिशवीत धानावर फवारायच्या औषधाची बाटली घेऊन बसलेला. "माह्या पायाजवळ आली तं हेच औषध पाजीन तिले," म्हणाला. बस हसली. कंडक्टर त्याला "जागेश्वर, बस ना गा" म्हणाला, तेवढंच.

मग तुमचा आवाज आला. "ते पोरीचे डोळे हायेत. डोळे टपावर बांधता का?" तुम्ही खिडकीची जागा सोडलीत, स्वतः पोत्यावर बसलात, मैनेला सीटखाली सरकायला पाय पोटाशी घेतलेत. पाठीवर पट्टा असला की ती कामावर असते, तिला हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, हे तुम्ही एका सांगण्यात ऐकलंत. लोक आधी विचारतात, चावते का.

आमगावला बस दहा मिनिटं थांबली. मी उतरले असते तर कंडक्टरने परत चढू दिलं नसतं. म्हणून पट्टा काढून साखळी तुमच्या हातात दिली, आणि तुम्ही तिला फिरवून आणलंत. तीन वर्षांत मी तिला पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं.

देवरीला आईला सांगितलं, ती म्हणाली, त्या बाईला घरी घेऊन ये. पुढच्या खेपेला नक्की. मैना कालपासून खात नाहीये. प्रवासाचा शीण असेल.

तुमची,
योगेश्वरी


जांभुळटोला, ता. देवरी
७ नोव्हेंबर २०२५

योगेश्वरी बेटी,
जय सेवा.

तुहं पत्र भेटलं. पोस्टमन म्हने, बाई, छापील कागद कायचा आला, नोटीस हाय का. मी म्हनलं, नोटीस नाही बापा, माह्या बसमधल्या पोरीचं हाय. दोनदा वाचलं.

मी तीस वर्ष आंगनवाडी चालवली. रजिस्टर लिहून लिहून हात बसला, पन पत्राची सवय नाही. चुकलं तं रविताबाईनं हासू नोको म्हना.

माही पोरगी गोंदियाजवळ देल्ली हाय. तिच्या गावची मंडई करून मी येऊन राहिली होती. तुले तं मालूम हाय, मंडईत दारी आलेला माणूस न जेवता गेला तं घरच्या बाईले वर्षभर ऐकाव लागते. आमच्याकडं त्या दिवशी दारचा कुत्रा बी उपाशी ठेवत नाही. येताना पोरीनं डबा बी देल्ला होता. ते जाऊ दे.

मैना कशी हाय? खात नसन तं घरी बसू नोको, दवाखान्यात ने. डॉक्टरले सांग, पोट पाहा म्हनून. पोटाचंच पाहा म्हना. जनावरं बोलत नाही, आन मानसं अंदाज करत बसतात.

तुह्या मैनासारखं शहानं जनावर मी पाह्यलं नाही. आमगावले तू खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती, तं ते खालून तुह्याकडंच पाहून राहिलं होतं. झाडापर्यंत आली, पन मान सारी मागं.

पत्र भेटल्याबरोबर लिही. वाट पाहून राहिली.

दुर्पता मडावी


नागपूर
१५ नोव्हेंबर २०२५

दुर्पतामावशी,

मैना गेली. तुमचं पत्र यायच्या आधीच, एक तारखेला दुपारी.

दोन दिवस तिच्या पोटात पाणीही ठरलं नाही. पोटाला हात लावला की कण्हायची. एरवी तिचा आवाज मी तीन वर्षांत पाच-सहा वेळा ऐकला असेल, कामावरची कुत्री भुंकत नाहीत. डॉक्टरांनी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. शेवटी ती उठली, माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिथेच बसली. डावी बाजू तिची कामाची. तिला वाटलं असेल निघायचंय.

डॉक्टर म्हणाले, विषबाधा असू शकते. मला दुसरं काही ऐकायची गरज नव्हती. विषाची बाटली घेऊन कोण बसलं होतं, पाजीन असं भर बसमध्ये कोण म्हणालं, हे चाळीस माणसांनी ऐकलंय. आमगावला तुम्ही तिला घेऊन खाली होतात, तेव्हा तो माणूसही उतरला होता. त्याचा आवाज मला खिडकीखालून येत होता. तुमची नजर क्षणभर चुकली असेल. त्यात तुमचा दोष नाही, हे आधीच सांगते.

मी देवरीच्या ठाण्यात तक्रार दिली आहे. आडनाव माहीत नव्हतं, पण त्या बसच्या कंडक्टरने सगळं सांगितलं. जागेश्वर कुंभरे, तुमच्या शेजारच्याच टोल्यावरच्या वस्तीतला, आमगावकडे एका राईस मिलमध्ये हमाल आहे म्हणे. पोलीस त्याच्याकडे जाऊन आले. आता साक्षीदार हवा. मावशी, तुम्ही एवढंच सांगायचं की तो काय बोलला ते तुम्ही ऐकलं, आणि आमगावला तो जवळपास होता.

मैना मिळावी म्हणून मी तीन वर्षं प्रशिक्षण केंद्राच्या यादीत होते. ती आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा हात न धरता बाजारात गेले. आता परत काठी काढली आहे. परवा गटारात पाय गेला. रविता रोज आणायला येते म्हणते. मी नको म्हणते आणि मग बराच वेळ दारातच उभी राहते.

लवकर उत्तर द्या. रविता म्हणते तुमचं अक्षर वाचायला सोपं आहे.

योगेश्वरी


जांभुळटोला
३ डिसेंबर २०२५

योगेश्वरी बेटी,
जय सेवा.

तुहं पत्र वाचून मी दोन दिवस जेवली नाही. लिहाले उशीर झाला. धान कापनी होती, असं लिहीन म्हनलं होतं, पन कापनी तं पंधरवड्यापहिलेच झाली.

साक्ष मी देऊ शकत नाही. रागावू नोको, पहिले ऐकून घे.

जागेश्वरले मी त्याच्या लहानपणापासून ओळखते. तोंडाचा वाईट हाय, पन हाताचा नाही. त्याले एक पोरगी होती, दुर्गा. माह्याच आंगनवाडीत येत जाय. खिचडीतले वाटाने निवडून बाजूले ठेवे आन मंग एका घासात सारे खाय. चार वर्षापहिले तिले कुत्रा चावला, पायाले, नखाएवढं. मी सोता दवाखान्यात घेऊन गेली. दोन सुया झाल्या. तिसऱ्या सुईच्या दिवशी जागेश्वरच्या बांधीत कापलेलं धान पडलं होतं. तो म्हने, जखम तं सुकली, उद्या नेतो. ते उद्या आलंच नाही.

महिन्याभरानं पोरगी पान्याले भ्याले लागली. गिलास पाह्यला का आंग चोरे. बाकी मी लिहीत नाही. तू समजदार हाय.

तवापासून रस्त्यानं कुत्रा आला तं हा मानूस शेतात उतरते. बसमंदी तुही मैना त्याच्या पायाजवळ आली तं त्याले काय झालं असन, पाह्य. ते बोलनं वाईटच होतं, मी बी त्याले तिथंच सुनावलं. पन आमगावले तो उतरला तो चहाच्या टपरीवर होता. मैनापासून वीस हात दूर. मी पाहून राहिली होती त्याले. तो जवळ आलाच नाही.

पोलीस दारात आले तवापासून मिलवाल्यानं त्याले घरी बसवलं हाय. टोल्यावरचे लोक त्याले कुत्रमाऱ्या म्हनून राहिले. त्याची बायको सीताफळं घेऊन माह्याकडं आली, तुमी त्या बाईले वळखता, सांगा ना म्हने. मी सीताफळं तेवढी ठेवून घेतली.

बेटी, तक्रार वापस घे. त्यानं नाही केलं. माह्यावर भरोसा ठेव.

दुर्पता


नागपूर
११ डिसेंबर २०२५

दुर्पताबाई,

पत्र मिळालं. त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, खरंच वाटलं. रविता रडली.

पण मुलगी गेली म्हणून माणसाला दुसऱ्याचे डोळे काढायचा हक्क मिळतो का? तुम्ही म्हणता तो वीस हात दूर होता. त्याने नाही केलं तर कोणी केलं, हे मात्र तुम्ही लिहीत नाही. तुम्ही एकाच भागातले, शेजारच्या टोल्यावरचे. मी एक दिवसाची बसमधली पोरगी. कोणाला सांभाळायचं हे तुम्ही ठरवलंत, ठीक आहे. मला आता हसू येतं की त्या दिवशी मला वाटलं, या बसमध्ये माझं एक माणूस आहे.

तक्रार मी मागे घेणार नाही. साक्षीशिवाय जे होईल ते होईल.

उत्तराची तसदी घेऊ नका.

यो. टेंभरे


जांभुळटोला
२२ जानेवारी २०२६

योगेश्वरी बेटी,

रविताबाई, हे पत्र ऑफिसात वाचू नका. पोरीले बाजूले घ्या, बसवा, आन मंग वाचा. मधात थांबू नका.

बेटी, मैनाले मी खाऊ घातलं.

आमगावले तू पट्टा काढून साखळी माह्या हाती देल्ली. तू सांगतली होती, पट्टा हाय तवापर्यंत कामावर. मी मनात म्हनलं, आता पट्टा काढला, आता सुट्टी. तिले बसस्टँडामागच्या चिंचेखाली नेलं. तिचं झालं. मंग ते माह्याकडं पाहाले लागलं. मंडईचा दिस, माह्या पिशवीत कोंबडीचा डबा, आन सकाळपासून त्या जनावरानं सीटखाली मुकाट मानसांच्या शिव्या खाल्ल्या. मले राहवलं नाही वो. पाहुनी होती ते माही. तीन फोडी देल्ल्या, हाडकासंगं. कडकड खाल्ल्या तिनं. माह्या घरच्या कुत्र्यानं बारा वर्ष हाडकंच खाल्ली, म्हातारा होऊन मेला. हाडकानं कुत्रा मरते, हे मले कोनं सांगतलंच नव्हतं.

पन तू नाही म्हनली होती, हे ध्यानात होतं. म्हनून मी पदरानं तिचं तोंड पुसलं. तू इचारली, इतका वेळ काऊन लागला? मी म्हनलं, बसाले जागा शोधून राहिली होती. तेच माहं पहिलं खोटं. पुढचे सारे त्याच्यामागून आले.

तुह्या पत्रात खात नाही असं वाचलं तवाच मले त्या हाडकांची याद आली. मी आमच्या जनावरांच्या डॉक्टरले दुसरंच निमित्त काढून इचारलं, तं तो म्हने शिजलेलं हाडूक चिरते, आतडीत टोचते. तवापासून मालूम हाय मले. डिसेंबरात लिहिलं तवा बी मालूम होतं. जागेश्वरले वाचवाव आन आपनही वाचाव, असं दोन्ही कराले गेली.

मंगळवारी तो ठाण्यातून पायी आला. माह्या दारासमोर थांबला आन म्हने, "बाई, मी नाही केलं असं तुमाले तरी वाटते ना?" मी हाव म्हनलं. तो म्हने, "तुमी म्हनता तं बरं वाटते. बाकी दुर्गाच्या वक्ती तं मीच केलो होतो, हे बी माह्याच नावावर चढू द्या." आन गेला. मी दाराची कडी लावून घेतली.

माघ पुनवेले आमी कचारगडच्या गुफेत देवाले जातो. दरसाल जाते मी. यंदा हे पोटात घेऊन त्या गुफेत मले जाववत नाही. म्हनून लिहिलं. ठाण्यात बी मी सांगाले तयार हाय. तू म्हन, कवा येऊ.

तुनं मले माफ कर असं मी म्हनत नाही. तुही मावशी म्हनाले तोंड नाही मले.

दुर्पता


नागपूर
९ फेब्रुवारी २०२६

माय,

रविताने पत्र तिच्या घरी नेऊन वाचलं. मधे थांबू नका लिहिलं होतंत, तरी ती दोनदा थांबली. मी म्हटलं, वाच, मला माहीत आहे.

आता माझं ऐका. तुम्ही एकट्याच खोटं बोललेल्या नाहीत.

मैना बसमध्ये परत आली तेव्हा मी नेहमीसारखा तिच्या तोंडावरून हात फिरवला. ओलं होतं. रश्शाचा वास होता, लसणाचा, जळक्या खोबऱ्याचा. पदराने पुसलंत, पण वास पदराने जात नाही, माय, आणि माझ्याजवळ वासाशिवाय दुसरं आहे काय? मला तिथेच कळलं. तेव्हाच विचारायला हवं होतं, काय खाल्लं, हाडं होती का. लगेच दवाखाना गाठला असता तर कदाचित ती वाचली असती. मला शिकवलं होतं हे सगळं. केंद्रात महिनाभर हेच शिकवतात, लोकांना नको म्हणा, कडक म्हणा.

मला ते म्हणता आलं नाही. अख्ख्या बसमध्ये एकच माणूस माझ्या बाजूने बोललं होतं. त्याने जागा दिली होती. त्याला मी काय म्हणू, तुम्ही हे काय केलंत? ते रागावलं तर देवरीपर्यंत मी कोणाच्या भरवशावर बसायचं? आम्ही आंधळी माणसं प्रवासात फार गोड बोलतो. कोणी चुकीच्या बाजूला ओढलं तरी थँक्यू म्हणतो. सवयच ती. मी हसून म्हटलं, "इतका वेळ?" आणि तिचा पट्टा परत बांधला.

डॉक्टर दोन गोष्टी म्हणाले होते. विष, नाहीतर हाडाचं टोक. पोट उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, उघडू का? मी म्हटलं, तिला चिरू नका. सगळ्यांना ती माया वाटली. मला हाड सापडायला नको होतं. विष असलं की ते त्याच्या नावावर जात होतं, हाड असलं की तुमच्या आणि माझ्या. तुम्हाला मी फक्त विषाचं लिहिलं. मग तुम्हालाच चिडून लिहिलं, कोणी केलं ते सांगत का नाही.

शुक्रवारी मी ठाण्यात जाऊन आले. काठी घेऊन, त्याच बसने. माय, काय सांगू, सगळ्यांनी जागा दिली. कंडक्टरने हाताला धरून पहिल्या सीटवर बसवलं. एका बाईने पेरू दिला. मैना असताना जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे मी मांडी घालून बसले. एकजणही विचारत नव्हता, ती कुत्री कुठे गेली. पेरू मी घेतला. थँक्यू म्हटलं.

तक्रार मागे घेतली. कुत्रीने बाहेरचं खाल्लं, हलगर्जी माझी, असं लिहून दिलं. तुमचं नाव घातलं नाही. तुम्ही आता जाऊन सांगू नका, उगाच परत कागद निघतील. पण जागेश्वरभाऊंना बोलावलं होतं, त्यांना मी सगळं सांगितलं. तुमचंही. ते लपवलं असतं तर तुमच्या आणि माझ्या खोट्यानंतर त्यांच्याशी तिसऱ्यांदा तेच झालं असतं. मी मिलमालकाला चिठ्ठी देते म्हटलं, तर म्हणाले, "तिथं आता दुसरा मानूस लागला."

मी बाहेर आले तर मागे चपला वाजत होत्या. बसस्टँडपर्यंत ते माझ्या डाव्या बाजूने चालले, हात न धरता. रस्ता खोदलेला होता. खड्डा आला की ते थांबायचे, मी थांबायचे. कोणी त्यांना शिकवलं नव्हतं. बस सुटताना खिडकीखालून विचारलं, "ते चावत नव्हती ना वो?"

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."

"असी राहते का एखादी," ते म्हणाले. तेवढंच.

तुमच्या घरी ते येतील की नाही, मला माहीत नाही. तुम्ही जा त्यांच्याकडे. कडी लावून बसू नका.

केंद्राकडून अर्ज आला आहे. दुसरा कुत्रा हवा असेल तर भरायचा. रविता एकेक प्रश्न वाचत होती, मी सांगत होते, ती लिहीत होती. नाव, वय, कामाची जागा. मग आलं, आधीचा कुत्रा कशामुळे गेला? मी सांगितलं, लिही, सोबतच्या प्रवाशांना नको म्हणायला मी घाबरले. रविता म्हणाली, अगं, असं लिहिलं तर देणार नाहीत. मी म्हटलं, न दिला तरी चालेल, पण हे लिही.

तिने लिहिलं. परवा अर्ज पोस्टात टाकला.

पुढच्या मंडईला तुमच्या दारी येईन. उपाशी ठेवू नका.

तुमची पोर,
योगेश्वरी